खातं मुलीचं, सही मुलीची

पत्र: मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमएस करायचं आहे. व्हिसासाठी सोशल मीडिया तपासतात असं कळलं. तिचे सगळे पासवर्ड माझ्या डायरीत असतात, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी ती झोपलेली असताना मी तिचं इन्स्टाग्राम कायमचं डिलीट करून टाकलं. त्यात हॉस्टेलच्या मेसवर टीका आणि काही राजकीय मीम्स होती. तिनं परत सुरू करू नये म्हणून आधी पासवर्डही बदलला. (तेव्हापासून ती बोलत नाही.) नवीन स्वच्छ खातं काढून दिलंय, लिंक्डइन मीच सांभाळतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागेल का? आणखी काय साफ करावं? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर: जीआरईचं आधी उरकते. बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आहे. कॉलेजांची यादी ठरली की एकेकाच्या संकेतस्थळावर बघा. टोफेल किंवा आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, मात्र धरूनच चाला.

आता कंसातल्या वाक्याकडे येते. सगळ्या पत्रात मला तेच महत्त्वाचं वाटलं आणि तुम्ही नेमकं तेच कंसात टाकलंत. ज्या मुलीला परक्या देशात घरभाडं, बँक, आजारपण सगळं एकटीनं निभवायचं आहे, तिच्या उशाशी ठेवलेला फोन तुम्ही रात्री उचलता? काळजीपोटी केलंत, मान्य. पण मेसच्या पातळ आमटीबद्दल लिहिलं म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही. तुम्ही जे केलंत त्यानं मात्र अडचण होऊ शकते.

कशी, ते सांगते. ‘डिलीट केलं की पाटी कोरी’ हा समज घेऊन माझ्याकडं दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं. व्हिसाचा डीएस-160 हा फॉर्म गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं विचारतो. आज कोणती चालू आहेत एवढ्यावर तो थांबत नाही. म्हणजे तुम्ही पुसलेलं खातंही तिला लिहावंच लागेल. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि माहिती दडवली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, पुढच्या व्हिसालाही अडथळा येऊ शकतो, असं अमेरिकी दूतावासानं स्पष्ट केलं आहे. आता डोळ्यांसमोर आणा: फॉर्मवर जुन्या खात्याचं नाव, प्रत्यक्षात ते गायब, आणि शेजारी गेल्याच पंधरवड्यात उघडलेलं, सुविचारांनी भरलेलं कोरं करकरीत खातं. मी त्या खिडकीपलीकडं बसले असते तर मला मीम्सपेक्षा याचाच संशय आला असता. (राजकीय मीम्सवर अधिकारी काय म्हणेल याची हमी मी देणार नाही. जो एजंट देईल, त्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा.)

लिंक्डइनची लिंक तुम्ही दिलीत म्हणून पाहिलं. दोन आठवड्यांच्या वर्कशॉपला तुम्ही ‘डेटा सायंटिस्ट’ केलंय. ते आजच काढा. नोकरी देताना कंपन्या पूर्वीच्या ठिकाणी विचारणा करतात, आणि तिथं खोटं सापडलं तर उत्तर मुलीला द्यावं लागतं, वडिलांना नाही. डीएस-160 च्या खाली सहीसुद्धा तिचीच असते. आणखी एक: त्याच प्रोफाइलवर तिची मार्कशीट बैठक क्रमांकासकट आणि जन्मतारीख तुम्हीच टाकली आहे. घरात खासगी गोष्टी उघड्यावर कोण मांडतंय, याचा जरा विचार करा!

काय पोस्ट करावं, काय काढावं हे मी तिच्याशी बोलेन, तुमच्याशी नाही. ती मोठी आहे. हवं तर तिला एकटीला पाठवा.

तुमच्यासाठी काम एकच आहे आणि त्याला मुदत आहे. डिलीटची विनंती केल्यापासून तीस दिवसांच्या आत लॉगिन केलं तर इन्स्टाग्रामचं खातं परत मिळतं. तुमचे पंधरा दिवस पत्र लिहिलंत तेव्हाच संपले होते, म्हणून हे उत्तर छापायच्या आधी तुम्हाला ई-मेलनं पाठवते आहे. आज रात्री जेवणं झाली की ती डायरी तिच्या हातात द्या. नवा पासवर्ड तिला सांगा, आणि ती तो बदलत असताना खोलीबाहेर थांबा.