डोअरबेलचा कॅमेरा काढायला सोसायटी सांगू शकते का?

प्रश्न: मी 68 वर्षांची, नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत एकटी राहते. मुलगा पुण्याला असतो. त्याने दाराला इंटरनेटवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल लावून दिली. बेल वाजली की त्यालाही मोबाइलवर दिसतं, बोलता येतं. समोरच्यांनी तक्रार केली आणि कमिटीची नोटीस आली: ‘डेटा कायद्याचा भंग आहे, सात दिवसांत काढा, नाहीतर रोज 500 रुपये दंड.’ काढावी लागेल का?

उत्तर: काढू नका. पण तिचं तोंड आजच वळवून घ्या.

तुम्ही पाठवलेला मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो मी नीट पाहिला. तुमच्या उंबऱ्यापुढची जागा त्यात जेमतेम कोपऱ्यात आहे, बाकी सगळं समोरचं दार. त्यांचं आतलं दार उघडं आहे आणि सेफ्टी डोअरच्या जाळीतून हॉलमधला दिवाण व त्यावर अभ्यासाला बसलेली मुलगी दिसते. तुमच्या मनात काही नाही, हे मला पटतं. पण त्या मुलीच्या आईच्या जागी मी असते, तर मीही तक्रार केली असती.

नोटीस मात्र कच्ची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. कलम 3 मध्येच तसं म्हटलंय. दारावर अशी बेल लावायला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. दंडही कमिटीला मनाला येईल तसा ठोकता येत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं म्हणणं ऐकून घेणं, आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा. तुमच्या हातातल्या कागदात यातलं काहीच नाही. एक गोष्ट तेवढी तपासा: बेल तुमच्या चौकटीवर आहे की पॅसेजच्या भिंतीला भोक पाडून लावलीय? ती भिंत सोसायटीची. तिथे असेल तर लेखी परवानगी मागा.

आता तुमची बाजू लंगडी पडते तिथे येऊ. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते प्रकरण घराच्या आतलं होतं, तुमचं पॅसेजमधलं. म्हणून ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पण तुमचं भिंग त्यांच्या हॉलपर्यंत पोचतंय, आणि न्यायाधीश आधी तेच बघतील. हा विचार काही आजचा नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जागेबाबतचे हक्क ठरवणारा कायदा) कलम 18 खाली उदाहरणच आहे: जिथे तशी रूढी आहे त्या गावात शेजाऱ्याचा आडोसा मोडेल अशी नवी खिडकी काढता येत नाही.

मुलाला फोन करा. बेल थोडी खाली आणि आपल्या पायपुसण्याकडे कलती करायला सांगा. अनेक अ‍ॅपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करता येतो; समोरचं दार तसं झाकून टाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा, बेल वाजल्यावरचं बोलणं चालू राहू द्या. पॅसेजमध्ये शेजारणी काय बोलतात ते पुण्यात साठवायचं कारण नाही.

तुम्ही पुढे लिहिलंय की पार्सल हरवलं तेव्हा समोरच्या मुलाची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. ती आजच्या आज काढा. अशा क्लिपला ‘घरगुती वापर’ म्हणणं कठीण जाईल, आणि चोरीचा संशय पसरवला म्हणून बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. संशय असेल तर क्लिप पोलिसांना द्या, ग्रुपला नाही.

एवढं झाल्यावर कमिटीला पत्र द्या: ‘कॅमेऱ्यात आता फक्त माझ्या दारापुढची जागा येते, आवाज नोंदवला जात नाही, सोबत फोटो जोडला आहे. दंड उपविधीच्या कोणत्या तरतुदीनुसार, ते लेखी कळवावे.’ पोच घ्यायला विसरू नका. त्यानंतरही दंड बिलात चढवला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 च्या कलम 91 खाली सहकारी न्यायालयात जाता येतं.

पत्र देण्याआधी मात्र समोरची बेल वाजवा. मोबाइल त्या बाईंच्या हातात द्या आणि नवं चित्र त्यांना स्वतःच पाहू द्या.