मटेरियल सायन्समधे पुढे शिकायचं, पण वावर विकून नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांमधे तीन पत्रं एकाच विषयाची, मटेरियल सायन्सची, म्हणजे धातू-काचेसारखे पदार्थ आतून कसे असतात आणि म्हणून कसे वागतात या शास्त्राची निघाली म्हणून आज फक्त तेवढीच घेते, बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तर देईन.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला आहो, बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाले. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी-तूर. मले मटेरियल सायन्समधे मास्टर्स अन् जमलं तर पीएच.डी. करायची आहे पण आमचे सर म्हणते का हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम आहे, तू बी.एड. कर. बाबा म्हणते का दोन-तीन लाखाच्या वर आपल्याच्यानं होणार नाही. माह्या काकाचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं बसतो म्हणून आवड लागली. तिथं एक पाहिलं, वखराची कमानपट्ट्याची पास, म्हणजे खालचं पातं, वेल्डिंग करून दिली तर ती पुन्हा तुटते, पण वेल्डिंगच्या जागी नाही, त्याच्या बाजूले तुटते. काहून? हे विचारायचं राहूनच गेलं होतं म्हणून लिहिलं. मी काय करू?

उत्तर : अरे, जे तू "राहूनच गेलं होतं" म्हणून शेवटी लिहिलं ना, तेच तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं आहे, म्हणून मी आधी तेच घेते, अॅडमिशनचं मागून.

कमानपट्टा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद, त्याच्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वरच असतो, अँगल-पट्टीच्या साध्या लोखंडात पाव टक्क्याच्याही आत. काका वेल्डिंगची काडी लावतात तेव्हा जोड तर वितळतोच पण जोडाला लागून जी दोन-चार मिलिमीटरची पट्टी असते ती वितळत नाही, नुसती लालबुंद होते, आणि बाजूचा सगळा गार पट्टा तिची उष्णता झपाट्यानं ओढून घेतो. म्हणजे गावातला लोहार विळा पाजवताना लाल करून पाण्यात बुडवतो, तेच इथं पाणी न लावता होतं. 727 डिग्रीच्या वर तापलं की पोलादातल्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन त्याच्यात आरामात मावतो, हळूहळू गार केलं तर कार्बन बाहेर निघून आपली वेगळी जागा धरतो, पण एकदम गार केलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो आणि पूर्ण रचना ताणून धरतो. या अडकलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. भयंकर कडक, आणि तितकंच ठिसूळ. म्हणून तुमची पास जोडात नाही, जोडाच्या बाजूला तुटते. त्यातून पावसाळ्यात काड्या ओल्या असल्या तर त्या ओलीतला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि वेल्डिंग झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, चीर पडते.

आता लोहार काय करतो ते जाऊन पाहा. तो नुसती धार बुडवतो, मागचा भाग गरमच ठेवतो, मग धार घासून चकचकीत करतो आणि मागची उष्णता धारेकडे सरकते तसा रंग पाहत बसतो. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला म्हणजे 220-230 डिग्री, निळा आला म्हणजे 300च्या आसपास, आणि त्याला पाहिजे तो रंग आला की पुन्हा पाण्यात. या दुसऱ्या तापवण्याला टेम्परिंग म्हणतात, त्यानं थोडा कडकपणा जातो पण ठिसूळपणा बराच कमी होतो. लोहाराजवळ थर्मामीटर नाही तरी त्याचं बरोबर जमतं. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीकडे नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी, म्हणजे हे ज्ञान आपल्या मातीत किती जुनं आहे बघ, आणि तुझे सर म्हणतात हे दुसऱ्याचं काम आहे!

काकांना सांग, कमानपट्टा जोडायच्या आधी दोन्ही तुकडे चांगले तापवून घ्या, काड्या कोरड्या ठेवा, जोड झाल्यावर पाणी तर अजिबातच मारू नका, राखेत किंवा कोरड्या वाळूत गाडून हळूहळू गार होऊ द्या. दहा पास अशा आणि दहा नेहमीसारख्या करून पाहा, कोणत्या किती दिवसांनी आणि नेमक्या कुठे तुटल्या ते वहीत तारीख टाकून लिही. ही वही तुला पुढे कामी येणार आहे, कशी ते सांगते.

आता रस्ता. नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम.टेक. होत नाही, तेवढं सरांचं खरं आहे, पण मधे एम.एस्सी. केली की दार उघडतं. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्यांना आयआयटी-एनआयटीमधल्या मटेरियलच्या बऱ्याच एम.टेक.ला आणि पीएच.डी.ला घेतात, कुठं कोणता विषय चालतो ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं. एम.एस्सी.साठी जॅम नावाची परीक्षा असते, फेब्रुवारीत, शेवटच्या वर्षाच्या पोरांना देता येते, त्याच्यावर आयआयटीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीतही एम.एस्सी.ला जागा मिळते. नाही जमलं तर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठात एम.एस्सी. कर, त्याच्यात कमीपणा काही नाही. नागपूर विद्यापीठात फिजिक्समधे ल्युमिनेसन्सवर, म्हणजे उजेड देणाऱ्या पदार्थांवर, कितीतरी वर्षांपासून काम चालू आहे. घरचा एलईडी बल्ब पांढरा दिसतो ना, तो आत निळाच असतो, त्याच्यावर पिवळा उजेड देणारी एक पावडर बसवलेली असते आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं, ती पावडर बनवणं हेसुद्धा मटेरियल सायन्सच आहे.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा दे. मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा पेपर तुला जड जाईल कारण त्याच्यात खनिजापासून धातू काढायचं बरंच येतं, त्यापेक्षा इंजिनिअरिंग सायन्सेस, म्हणजे एक्सई पेपर बघ, त्याच्यात गणित सक्तीचं आणि बाकीच्या सेक्शनमधून दोन निवडायचे, एक मटेरियल सायन्स आणि दुसरा फिजिक्सवाल्यांना थर्मोडायनॅमिक्स बरा पडतो. पण जिथं अर्ज करणार तिथं एक्सई चालतो की फिजिक्सचाच पेपर मागतात हे फॉर्म भरायच्या आधी बघून घे. स्कोअर तीन वर्षं चालतो. अभ्यासाला क्लास लावायची गरज नाही, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, रेंज बरी असेल तिथं डाउनलोड करून घ्यायची आणि घरी बघायची. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको, मी स्वतः पहिली दोन वर्षं नोट्स मराठीत काढायची आणि शब्द तेवढा इंग्रजी ठेवायची, समजणं आधी आणि बोलणं मागून येतं.

बाबांना सांगायची गोष्ट आता लिहिते, त्यांना वाचूनच दाखव. गेटवर आयआयटी-एनआयटीत एम.टेक.ला लागलास तर महिन्याला 12,400 रुपये मिळतात. पीएच.डी.ला, जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल किंवा अशा संस्थेची फेलोशिप असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि नंतर 42,000. म्हणजे एम.एस्सी.ची दोन वर्षं घरून थोडं लागेल, त्याच्यानंतर फी असते, पण शिकायचे पैसेही मिळतात. या विषयात जो कोणी पीएच.डी.साठी तुमच्याकडूनच लाख-दोन लाख मागेल त्याच्याकडे जाऊच नका. पैसे उशिरा येतात हे मात्र खरं आहे, मला एकदा चार महिने आले नव्हते आणि मेसचे पैसे मैत्रिणीनं भरले, तेव्हा जवळ थोडी रक्कम राखून ठेवावी लागते.

आणखी एक, आणि हे मी कळकळीनं सांगते. पीएच.डी.ला लागताना मी फक्त संस्थेचं नाव बघितलं, मोठं नाव होतं, गावात पेढे वाटले. गेल्यावर कळलं की ज्या भट्टीवर माझं काम होणार ती बंद पडलेली आणि दुरुस्तीची फाइल कुठंतरी अडकलेली, गाईड सहा महिन्यांनी परदेशी गेले ते वर्षभर आलेच नाहीत, माझं पहिलं दीड वर्ष असंच गेलं आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. तू असं करू नको. मुलाखतीच्या आधी त्या लॅबमधल्या दोन-तीन पोरांना गाठ, फोन कर, आणि सरळ विचार की मशीन चालू आहेत का, एसईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर नंबर किती दिवसांनी लागतो, सर आठवड्यात किती वेळा भेटतात, याआधीच्यांना डिग्रीला किती वर्षं लागली. पोरं खरं सांगतात.

मुलाखतीत तुला लोखंड-कार्बनची आकृती, म्हणजे किती कार्बनला, कोणत्या तापमानाला पोलादाची रचना कोणती ते दाखवणारी, काढायला लावतील, तांबं मऊ का आणि काच ठिसूळ का असं विचारतील, आणि हाच विषय का ते विचारतील. तेव्हा पाठ केलेलं काही बोलू नको, ती पास तुटण्याची वही पुढे ठेव. मी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेते, "लहानपणापासून आवड आहे" असं सगळेच सांगतात, पण बाजूलाच का तुटतं हे स्वतः बघून, मोजून आलेला पोरगा मला क्वचितच भेटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसू नको. देशातल्या विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात, जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडे पैसेही मिळतात. नागपूरजवळ वाडीला अॅल्युमिनियमची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटीत मेटलर्जी आणि मटेरियलचा पूर्ण विभाग आहे, भोपाळला सीएसआयआरची अॅम्प्री आहे, या सगळ्यांना ईमेल पाठव. दहा पाठवल्या तर एखादीचं उत्तर येतं.

प्रश्न : माझी मुलगी बी.टेक. मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे. जर्मनीत एम.एस. करायचं म्हणते. एका एजंटनं 18 लाखांचं पॅकेज सांगितलं, त्यात कॉलेज पण तोच बघून देणार. धानाची अडीच एकर आहे, त्यातली एक एकर काढावी का? बायको नाही म्हणते. — एक पालक, तुमसर तालुका

उत्तर : दादा, वहिनींचं बरोबर आहे, वावर काढू नका.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फीच नसते, नुसता सेमिस्टरचा थोडा आकार असतो (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या देशातल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही आता फी लावली आहे, एवढं लक्षात ठेवा). मग एजंट 18 लाख कशाचे मागतो हे त्याला कागदावर लिहून मागा. खरा मोठा खर्च म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, वर्षाचे 11,904 युरो मुलीच्याच नावानं बँकेत आधी भरावे लागतात, आपल्या रुपयात 12 लाखांच्या घरात, पण ते पैसे कोणाला द्यायचे नसतात, तिथं गेल्यावर दर महिन्याला 992 युरो तिलाच खर्चायला मिळतात. एपीएस नावाचं, इथली डिग्री तपासल्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं, ते ती स्वतः काढू शकते. कोर्सची यादी डाड (डीएएडी) या जर्मनीच्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटवर फुकट आहे, इंग्रजीत शिकवणारे मटेरियलचे कोर्सही त्याच्यात सापडतात. एजंट जे कॉलेज "बघून देतो" ते बरेचदा खाजगी असतं, त्याच्यात फी भरपूर, आणि त्याचं कमिशन तिथूनच येतं.

आणि कर्जाचं म्हणाल तर शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका तारण घेतच नाहीत, म्हणून लोक विकायच्या गोष्टीवर येतात.

माझं मत विचाराल तर मुलीला सांगा, आधी इथंच गेट दे, मेटलर्जीचा पेपर तिच्या हातचा आहे, एम.टेक. स्टायपेंडवर कर आणि मग जर्मनीला पीएच.डी.साठी जा. तिथं पीएच.डी. म्हणजे बरेचदा करार करून दिलेली पगाराची नोकरी असते, फॉर्म भरून शिकायला जाणं नाही. अमेरिकेतही मटेरियलच्या पीएच.डी.ला फी माफ आणि वर स्टायपेंड असाच प्रकार चालतो, नुसत्या एम.एस.ला मात्र तिथं खिशातून भरावं लागतं. दोन वर्षं उशीर होईल हे खरं, पण तोपर्यंत तिच्या हातानं मायक्रोस्कोप, एक्सरे, भट्टी सगळं चालवून झालेलं असेल आणि तिकडचे प्राध्यापक तेच बघतात. तिला आत्ताच जायचं असेल आणि मनापासून जायचं असेल तर सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या, तुमच्या प्रवर्गाची समाजकल्याणला नाहीतर महाज्योती या ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठीच्या सरकारी संस्थेच्या नागपूर ऑफिसला चौकशी करा. आणि हे सगळं तिच्यासमोर बसून बोला, तिच्या मागे नाही, पत्रात तुम्ही सगळ्यांचं म्हणणं लिहिलं पण तिला जर्मनीच का पाहिजे ते लिहिलं नाही.

प्रश्न : चंद्रपूरकडे फेरो अलॉयच्या कारखान्यात शिफ्टमधे आहे, आधी डिप्लोमा मग बी.ई. मेकॅनिकल. वय 33. आता एम.टेक. करणं म्हणजे उशीर झाला का?

उत्तर : नाही झाला. गेटला वयाची अट नाही, आणि नोकरी सोडायची नसेल तर बऱ्याच संस्थांत स्पॉन्सर्ड जागा असतात, त्याला स्टायपेंड मिळत नाही पण कंपनीचं पत्र आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याजवळ आहेच. विषय शोधत फिरू नका, तुमच्या भट्टीच्या शेजारी पडलेला आहे. फेरोमँगनीजच्या स्लॅगमधे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीत, मँगनीज बरंच उरतं म्हणून तीच स्लॅग सिलिकोमँगनीजच्या भट्टीला घालतात हे तुम्ही रोज बघता, मग कोणत्या खनिजाला, कोणत्या तापमानाला ते किती उरतं याची शिफ्टवार नोंद काढा, आमच्या लॅबमधल्या पोरांना असा डेटा मागूनही मिळत नाही. फक्त कंपनीची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही आकडा बाहेर नेऊ नका. एचआरला एनओसीचं आत्ताच विचारून ठेवा, गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात.