वळवाच्या गडगडाटाला कुत्रं घाबरतं, त्याला कसं शांत करावं?

न्हाणीतून ओढून काढू नका. पहिलं काम हेच, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की ढग वाजायला लागले की तुमचं दोन वर्षांचं कुत्रं न्हाणीत जाऊन बसतं आणि घरची मंडळी म्हणतात, "सोप्यात आणून बांधा, आपोआप सवय होईल." तशी सवय होत नाही, भीती वाढते. न्हाणी आतल्या बाजूला, झरोका लहान, तिथं विजेचा लखलखाट पोचत नाही, म्हणून ती त्याला बरी वाटते. दार उघडं ठेवा, फरशीवर जुनी वाकळ टाका, पाण्याचं भांडं ठेवा. पंखा किंवा टीव्ही चालू असला तर बाहेरचा आवाज थोडा बुजतो.

आपल्याकडं आषाढातली झड कितीही लागली तरी ती मुकाट पडते. खरा त्रास एप्रिल-मेच्या वळवाचा आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा. दिवसभर उकाडा, चारनंतर आभाळ भरून येतं. आमचा वाघ्या (नाव बघा!) आम्हाला काही ऐकू यायच्या आधीच धापा टाकायला लागतो, कान मागं, शेपूट पोटाखाली, आणि थेट कॉटखाली. म्हणून तयारी आधीच हवी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या, ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर ते सांगतं. तेवढ्यात त्याला फिरवून, शी-शू उरकून आत घेता येतं.

जवळ बसलं, पाठीवरून हात फिरवला तर कुत्रं लाडावतं आणि जास्त घाबरतं, असं पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य नाही. ते जवळ आलं तर घ्या, नको असेल तर सोडून द्या. मात्र आपण स्वतः "अरे बापरे" करत धावपळ करायची नाही.

गडगडलं की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायचा, दर वेळी. गडगडाट म्हणजे खाऊ, हे हळूहळू डोक्यात बसतं. खातच नसेल तर भीती फार आहे असं समजा, जबरदस्ती नको. आणि तांबड्या-पांढऱ्यातली फोड अजिबात नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. हिवाळ्यात मोबाईलवर गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून हाच खेळ करा. आवाज काही आठवड्यांत वाढवत न्या, कान मागं गेले की परत कमी.

अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधून ठेवू नका. गारा पत्र्यावर वाजल्या की माणसालाही नको होतं, आणि भेदरलेलं कुत्रं साखळीला हिसके देऊन गळा कापून घेतं किंवा सुटून पळतं. पट्ट्यावर मोबाईल नंबर लिहिलेला असू द्या.

मांजर असेल तर माळ्यावर, कपाटामागं जिथं शिरलंय तिथंच राहू दे.

एवढं करूनही लाळ गळत असेल, दार ओरबाडून नखं तुटत असतील, तर जनावरांच्या डॉक्टरांना मार्चमध्येच दाखवा. भीती कमी करणारी औषधं असतात, ती वादळ यायच्या आधी द्यावी लागतात. नुसतं गुंगीचं औषध मागू नका. काही औषधांनी अंग सुस्त पडतं, भीती आत तशीच राहते. घरातली माणसांची गोळी तर नकोच, पॅरासिटामॉलनं मांजर दगावतं.