रेलिगेशनच्या तोंडाशी आलेल्या संघाने कोच बदलावा का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा फुटबॉल संघ शेवटच्या तिघांत आहे, म्हणजे रेलिगेशन होऊन खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जायच्या बेतात, सामने मोजकेच उरलेत, आणि कोच 'नुसता बचाव करतो, बघायला मजा येत नाही' म्हणून तुमच्या ग्रुपवर सगळे त्याला काढा म्हणतायत.

काढू नका. निदान या कारणासाठी तर मुळीच नाही. हीच ओरड मी माझ्या क्लबच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षं ऐकलीय आणि पुढे काय झालं तेही पाहिलंय.

मी मुंबई एफसीचा. मुंबई सिटी नव्हे, त्याआधीचा, पिवळ्या जर्सीचा, मुंबईतल्या कूपरेज मैदानावरचा क्लब. 2007 मध्ये सुरू झाला, सेकंड डिव्हिजन जिंकून 2008-09 ला आय-लीगमध्ये आला. तेव्हा देशातली वरची लीग तीच. 2009 मध्ये संघ खालिद जमीलच्या हातात आला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेला मिडफिल्डर, दुखापतींनी खेळणं लवकर आटोपलेलं, वय जेमतेम बत्तीस. कोलकात्याच्या क्लबांसारखा पैसा नाही, त्यांच्यासारखी गर्दी नाही. कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा तर 'घरचे' सामने पुण्यात, बालेवाडीला. सकाळी मुंबईहून निघायचं, त्या अवाढव्य स्टेडियममध्ये मूठभर लोकांनी बसून घसा फोडायचा आणि रात्री उशिरा घरी. असा संघ त्या माणसाने 2016 पर्यंत, सात हंगाम, वरच्या डिव्हिजनमध्ये टिकवला. दर वर्षी पेपरात आमचं नाव खाली जाणाऱ्यांत असायचं, आणि दर वर्षी आम्ही तिथेच असायचो.

याच काळात, 2014-15 ला, गोव्याचा डेम्पो खाली गेला. आय-लीग आणि तिच्याआधीची नॅशनल लीग मिळून पाच वेळा चॅम्पियन झालेला डेम्पो! सुंदर पासिंग आणि मोठं नाव यांवर संघ तगतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो हंगाम आठवावा.

आता ज्याच्यामुळे हे उत्तर लिहायला बसलो तो. माझा आतेभाऊ. शनिवार-रविवार टीव्हीसमोर प्रीमियर लीग, आणि इथल्या फुटबॉलला नावं ठेवणं. एकदा त्याला ओढून कूपरेजला नेलं. कोलकात्याचा मोठा संघ आला होता. शेवटची दहा मिनिटं आमचा संघ पार बॉक्समध्ये दाबला गेला होता. कूपरेजला तुम्ही लाइनच्या इतके जवळ बसता की डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात ते शब्द न् शब्द ऐकू येतं. चौघं बॉक्सच्या कडेला, त्यांच्या पुढ्यात दोघं मिडफिल्डर, मधली जागा बंद. चेंडू डावीकडे गेला की अख्खी रांग डावीकडे सरकायची, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि दोघांतलं अंतर तसूभर वाढायचं नाही. आमच्या राइट बॅकच्या पायात गोळे आले, तो खाली बसला, पोटरी दाबली, उठला आणि पुढचाच क्रॉस डोक्याने बाहेर काढला. खालिद लाइनवर उभा, दोन्ही तळवे खाली दाबत, शांत राहा म्हणून खुणावत. शिट्टी झाली. बरोबरी. मी उभा राहून ओरडत होतो, डोळ्यांत पाणी होतं.

आतेभाऊ म्हणाला, "याला फुटबॉल म्हणतात? ड्रॉ झाला म्हणून रडतोस? हा कोच आधी काढा."

चर्चगेटपर्यंत आमचं वाजलं आणि नंतर कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, गणपतीत वाजत राहिलं. मी त्याला तेव्हाही सांगितलं, तुम्हालाही सांगतो. तळाला तुमची स्पर्धा पहिल्या नंबरशी नसते, तुमच्या वरच्या आणि खालच्या दोघा-तिघांशी असते. मोठ्या संघाकडून मिळालेला एक गुण त्या दोघा-तिघांना बहुतेक वेळा मिळत नाही. तो एक गुण म्हणजे तुमची कमाई. तक्त्यात शेजारी असलेल्या संघांविरुद्धचा सामना हरायचा नाही, ही त्याहून मोठी. बघायला मजा यायलाच हवी तर सर्कशीला जावं.

2016 मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले. त्याच्या जागी संतोष कश्यप आले. अनुभवी माणूस, शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहला 2014-15 ला तिसऱ्या नंबरवर नेलेला. त्यांनाही हंगाम पुरा करू दिला नाही, मध्येच ऑस्कर ब्रुझॉन आले. 2016-17 संपला तेव्हा दहा संघांत मुंबई एफसी दहावी. सात हंगाम जे झालं नव्हतं ते पहिल्याच वर्षी झालं. त्यानंतर क्लब बंद.

आणि त्याच हंगामात खालिद काय करत होता? मिझोरमच्या ऐझॉल एफसीत. हा संघ आदल्या वर्षी स्वतः रेलिगेट झालेला. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्यांना परत घेतलं. आमचे जयेश राणे, आशुतोष मेहता खालिदबरोबर तिकडे गेले. 22 एप्रिल 2017, मोहन बागान ऐझॉलला आलेलं, सामना शेवटाकडे झुकलेला, कॉर्नरवर झोहमिंगलियाना राल्तेचं हेडर आणि 1-0. आठ दिवसांनी शिलाँग लाजोंगशी 1-1. ड्रॉच! त्या ड्रॉवर ऐझॉल भारताचा चॅम्पियन झाला, बागानहून एका गुणाने पुढे, ईशान्येचा पहिला. मी त्या रात्री आतेभावाला फोन केला. त्याने उचलला नाही.

मग कोच बदलायचा तरी कधी? खेळाडू त्याच्यासाठी पळायचे थांबले की. हे स्कोअरवरून कळत नाही. गोल खाल्ल्यावर पुढच्या पाच मिनिटांत बघा. रांग मोडते का, एकमेकांवर हात उगारतात का, चेंडू गेल्यावर परत कोण पळतं. परत पळत असतील तर कोचला हात लावू नका, सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) काम करा आणि जमलं तर एक चांगला गोलकीपर आणा. प्रीमियर लीगमध्ये साउथॅम्प्टनने 2022-23 ला एका हंगामात तीन कोच वापरले आणि तळाला गेले. लीड्सने त्याच वर्षी चार सामने उरले असताना सॅम अलार्डायसना बोलावलं, उपयोग झाला नाही.

त्याच हंगामात एव्हर्टनने मात्र लॅम्पार्डला काढून शॉन डाइचला आणलं आणि शेवटच्या दिवशी बोर्नमथला 1-0 हरवून वाचले. तेव्हा बदल कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण आणला कोणाला तेही बघा, बचाव घट्ट करणाराच आणला. आणि हो, मुंबई एफसीची परिस्थिती वेगळीही होती. आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर आय-लीगच्या क्लबांना प्रायोजक मिळणं अवघड झालं, पुणे एफसी तर रेलिगेट न होताच बंद पडला. आतेभाऊ हेच पकडून बसलाय, "तुमचा क्लब तसाही बंद होणारच होता." असेल. पण वरच्या डिव्हिजनमध्ये असलेला क्लब विकायला काढला तर कोणी विचारतं तरी. खाली गेलेल्याला कोणी विचारत नाही. शिवाय खाली कोणी ढकललं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद भारताचा कोच झाला. मध्य आशियातल्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरून आशिया कपची वाट बंद झाली तेही खरं, आणि ते मला अजून सलतंय. आतेभावाने ओमानच्या सामन्यानंतर स्टेटस ठेवलं होतं, 'आपला मुंबईचा कोच'. ते स्टेटस ठेवायचा हक्क त्याला नाही. आधी कूपरेजला जे बोलला ते त्याने मागे घ्यावं.