नारळाची सोडणं भाजून वीज कारखान्याला विकता येतील का?

प्रश्न: आमच्या मालवणात नारळाची सोडणं, पातेरा, काजूची टरफलं नुसती पडून असतात. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी पॅलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करून बघितले पण जून लागला आणि ओल धरून सगळ्याचा भुगा झाला. आता एकजण म्हणतो माल आधी भाजून घ्या, पावसात टिकतो आणि कोळशावरचे वीज कारखाने पण घेतात. हे खरं का? आणि भाजल्याने जळण्यात काय फरक पडतो?

उत्तर: दादा, खरं आहे पण अर्धंच. याला टोरेफॅक्शन म्हणतात, म्हणजे हवा जवळपास बंद ठेवून 200 ते 300 डिग्रीवर माल चॉकलेटी होईपर्यंत भाजायचा. 100 किलो सुक्या मालाचे साधारण 70 किलो उरतात पण उष्णता 90 टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे किलोमागे दम वाढतो. पाणीही कमी पितो, तरी आपल्या पावसात शेड लागणारच.

कारखान्याला खरा इंटरेस्ट दळण्यात. बॉयलरमध्ये कोळसा पीठ करून फुंकतात आणि कच्चं सोडण म्हणजे सगळा काथ्या, ते कसलं दळतंय. शेंगदाणे भाजल्याशिवाय कूट होत नाही तसंच हे. आता जळण्याचं. कच्च्या मालाचा 70-80 टक्के भाग तापला की गॅस होऊन निघतो आणि भसकन पेटतो, अगदी कोळसा दळायच्या मिलमधल्या गरम हवेतही पेटायची भीती असते. भाजताना यातला काही गॅस आधीच जातो (तोच भट्टीला जाळायला वापरतात), मग भडका कमी आणि मागे उरलेला कार्बन जास्त वेळ जळत राहतो. तरी कोळशापेक्षा लवकरच पेटतो हां.

आता उरलेलं अर्धं, राख. भाजून राख जात नाही, उलट वजन घटल्याने टक्का वाढतो. सोडणात पोटॅशियम भरपूर, क्लोरीनही असतं, ते बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर धरतं आणि नळ्या गंजतात, म्हणून कारखानेवाले नाक मुरडतात. पण ही दोन्ही पाण्यात धुऊन जातात, तेव्हा सोडणं पावसाळाभर उघड्यावर निचऱ्याच्या जागी पडू देत, ऑक्टोबरच्या उन्हात सुकवा, मग भाजा. फुकटची धुलाई, आणखी काय पाहिजे! काजूची टरफलं मात्र तेल काढल्याशिवाय भट्टीत घालू नका, तो धूर डोळ्याघशाला सोसत नाही. आणि भाजलेला माल पूर्ण गार झाल्याशिवाय ढीग लावायचा नाही, आतल्या आत तापून पेट घेतो.

मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी ज्या कारखान्याला माल द्यायचाय तिथे मिल कुठली ते विचारा. केंद्राच्या 2021 च्या धोरणात बाउल मिल प्रकाराला साधे पॅलेट चालत होते, बॉल अँड ट्यूब मिल प्रकाराला भाजलेलेच लागत होते आणि तेही व्होलाटाइल (म्हणजे तापल्यावर गॅस होणारा भाग) 22 टक्क्यांच्या आत. हलक्या भाजणीने तिथवर पोचत नाही, मालाचा जवळपास कोळसाच करावा लागतो, आणि मग वरचं 70 किलो, 90 टक्के वगैरे गणित विसरायचं.