जुन्या गिटारची दुरुस्ती: खर्च कोणत्या खात्यात धरावा?

वडिलांच्या जुन्या अकूस्टिक गिटारच्या दुरुस्तीसाठी कारागिराने सांगितलेली रक्कम त्याच दर्जाच्या नव्या गिटारच्या पाऊणपट भरते. पुढेमागे गिटार विकल्यास पैसे वसूल होतील, तेव्हा हा खर्च आणीबाणीच्या शिलकीतून करावा का, असे आपण विचारले आहे.

वसुलीचा हिशेब प्रथम बाजूला ठेवावा. दुरुस्तीवर घातलेला पैसा विक्रीच्या किमतीत क्वचितच पूर्ण उतरतो. नामांकित बनावटीच्या, अखंड लाकडाच्या जुन्या वाद्याची गोष्ट वेगळी असली, तरी तिथेही मूळ पॉलिश खरवडून नवे चढवले की किंमत उलट घटते. वापराने आलेली झीज जाणत्या ग्राहकाला चालते, नवी चकाकी चालत नाही. म्हणून ही रक्कम गुंतवणूक न मानता हौसेचा खर्च मानावी, आणि हौसेसाठी आणीबाणीच्या शिलकीला हात लावू नये.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. त्यातील कळीची बाब म्हणजे नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब मानेचा, कोन. पोलादी तारांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो. तो वर्षानुवर्षे सोसून नेक पुढे झुकते आणि तारा फ्रेटपासून (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तार सुमारे २.५ मिलिमीटर उंच असणे सोयीचे. ती ४ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल आणि सॅडल (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) घासून आणखी खाली घ्यायला जागा उरली नसेल, तर बहुधा नेक सोडवून नव्या कोनात बसवावी लागते. हे काम वेळखाऊ, म्हणून महाग. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) फिरवल्याने नेकचा बाक सुधारतो, हा कोन सुधारत नाही. त्यामुळे तेवढ्यावर भागेल असे कोणी म्हटल्यास कारण विचारावे. आपणही घरी पाहू शकता: फ्रेटवर सरळ लांब पट्टी ठेवून ती ब्रिजकडे (सॅडल ज्यात बसते त्या लाकडी ठोकळ्याकडे) सरकवावी. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला भिडले तर कोन ठीक आहे. माथ्याच्या बरेच खाली अडकले, तर मोठा खर्च समोर आहे असे समजावे. गिटार प्लायवूडची असेल, तर एवढ्या एका कामाची मजुरीच तिच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते, आणि तिथे मी नव्या गिटारच्या बाजूने कौल देईन.

आपण ती खरोखर वाजवणार नसाल, केवळ आठवण म्हणून जपणार असाल, तर तारा सैल करून ठेवणे पुरेसे आहे. वाजवणार असाल, तर दरमहा थोडी रक्कम वेगळी काढावी. तोवर तारा सैल ठेवून खोलीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखल्यास वाद्य दुरुस्तीपर्यंत थांबू शकते. दरम्यान कारागिराकडून नेक, ब्रिज, फ्रेट आणि भेगा यांचे आकडे वेगवेगळे लेखी मागून घ्यावेत आणि आतल्या सुटलेल्या आधाराच्या लाकडी पट्ट्यांसारख्या मागाहून सापडणाऱ्या दोषांसाठी वर थोडी तरतूद ठेवावी. पॉलिशचा आकडा मात्र आजच खोडून टाकायला हरकत नाही.