गॅलरी उघडली की 'मीडिया स्टोरेज बंद पडले आहे' असा संदेश येतो, एकही फोटो दिसत नाही. फोन रिसेट करावा का?

रिसेट अजिबात करू नका. दुकानदार सांगो नाहीतर घरातला कोणी सांगो, नाही म्हणजे नाही. आधी फाइल मॅनेजर उघडून कॅमेऱ्याचं फोल्डर बघा. तिथे फोटो असतील तर ते शाबूत आहेत, बिघडलीय ती त्यांची यादी. अँड्रॉइडमधलं 'मीडिया स्टोरेज' हे सिस्टिम अॅप फोटो-व्हिडिओंची नोंद ठेवतं आणि गॅलरी फक्त ती नोंद वाचते.

एवढं ठासून सांगतेय, कारण हेच आमच्या घरात घडलं आणि त्यावरून माझं नि चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, अजून वाजतं.

काका जुन्या नाशकातले. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारल्याशिवाय त्यांचा सण व्हायचा नाही. (नाशिकबाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीतला हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात.) शेवटच्या वर्षी गुडघे दुखत असतानाही त्यांनी उडी घेतली, पिवळेधम्मक होऊन वर आले आणि काकूकडे बघून हात उंचावला. तो व्हिडिओ फक्त काकूच्या फोनमध्ये होता. काका गेल्यावर काही महिन्यांनी गॅलरी रिकामी झाली आणि तुम्हाला येतो तोच संदेश येऊ लागला.

दादाने फोन केबलने कॉम्प्युटरला लावला, तर तिथेही फोल्डर रिकामं. "गेलं सगळं," म्हणाला. पण जुन्या अँड्रॉइडमध्ये कॉम्प्युटरलासुद्धा तीच बिघडलेली यादी दिसते. मग एमजी रोडवरच्या एका दुकानात त्याला सांगितलं की रिसेट मारा, फोटो मेमरी कार्डावर आहेत, त्यांना काय होतंय? दादाला ते लगेच पटलं.

मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. कार्ड फोनची अंतर्गत मेमरी म्हणून बसवलेलं होतं. ही सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून आली. असं कार्ड कूटबद्ध होतं, म्हणजे आतल्या माहितीला जणू कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. रिसेट केलं की किल्ली पुसली जाते. मग ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घाला, कार्ड रीडरला लावा, आतलं काही हाती लागत नाही. दादा म्हणाला, "जास्त शहाणपणा करू नकोस." मी फोन दिला नाही. फाइल मॅनेजरमध्ये शोधलं, व्हिडिओ होता, चालत होता. ओटीजी, म्हणजे थेट फोनला जोडता येणारा पेनड्राइव्ह लावून सगळं त्यावर उतरवलं, मगच पुढचं काम केलं.

तुम्हीही तसंच करा. कॉपी झाल्यावर सेटिंग, अॅप्स, सिस्टिम अॅप्स दाखवा, मीडिया स्टोरेज, स्टोरेज, डेटा क्लिअर. फोन बंद करून चालू करा. यादी नव्याने बनायला वेळ लागतो, फोटो हळूहळू येतात, तोवर घाई करू नका. पुन्हा बंद पडलं तर बहुतेक एखादी अर्धवट डाउनलोड झालेली फाइल अडते आहे, अलीकडच्या फाइल बाहेर काढून बघा. फोन काठोकाठ भरला असेल तरी हे होतं. आणि एकाच फोल्डरमधले फोटो गायब असतील, तर त्यात 'नोमीडिया' नावाची लपलेली फाइल आहे का बघा. ती असली की गॅलरी ते फोल्डर सोडून देते.

डेटा क्लिअर केल्याने आवडत्या फोटोंच्या खुणा जाऊ शकतात, रिंगटोन बदलू शकते. काही नव्या फोनांत ते बटण दाबताच येत नाही. आणि फाइल मॅनेजरमध्येही फोटो नसतील तर वरचं काही लागू नाही. 'कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा' असं येत असेल आणि कार्ड साधं (अंतर्गत मेमरी म्हणून नाही) बसवलेलं असेल, तर फॉरमॅट न करता कार्ड बाहेर काढा, त्यावर नवीन काही साठवू नका, कॉम्प्युटरवर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर ठेवू नका.

दादा अजून म्हणतो की रिसेट केलं असतं तरी व्हिडिओ वाचला असता. नसता वाचला. तुम्हाला जो कोणी रिसेट सुचवतोय, त्याला आधी विचारा की माझं कार्ड कसं बसवलंय. ते न बघता सांगत असेल तर फोन त्याच्या हातात देऊ नका.